लोखंडही ताणलं जातं! जुन्या जॅग्वारच्या बोल्टांची गोष्ट



स्थितिस्थापकता शिकवताना आपण रबरबँड ताणून दाखवतो. मग एखादं मूल हमखास विचारतं, "लोखंड ताणलं जातं का?" जातं. आज त्याचंच एक उदाहरण पाहू.

जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1961 मध्ये आली. तेव्हा तिच्यात 3.8 लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. हौशी लोक आजही ही इंजिनं पूर्ण खोलून पुन्हा बांधतात. त्यात एक प्रश्न येतोच: कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कोणते घ्यायचे? रॉड पिस्टनला क्रँकशी जोडतो. त्याचं खालचं टोक दोन भागांचं असतं आणि दोन बोल्टांनी क्रँकभोवती आवळलेलं असतं. त्यातला एक जरी तुटला तर सुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग कसली दुरुस्ती!

आता सांगा, बोल्टावर सगळ्यात जास्त ताण कधी येतो? इंधन पेटतं तेव्हा, असंच वाटतं ना? पण तेव्हा पिस्टन खाली ढकलला जातो, रॉड क्रँकवर दाबला जातो, बोल्टांना फारसं काम नसतं. खरी ओढ बसते ती धूर बाहेर टाकून पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा. त्याला वरच जायचं असतं, क्रँक त्याला खाली खेचतो. या इंजिनात पिस्टन 106 मिमी वर-खाली होतो. मिनिटाला 5500 फेरे धरले, तर वर-खाली होणाऱ्या दर एक किलो वस्तुमानामागे साधारण सव्वादोन टनांची ओढ बसते! फेरे निम्मे केले की ओढ पावपट होते. वर्गाचा नियम इथे चांगला दिसतो.

ही ओढ सोसायला बोल्ट आधीच ताणून बसवतात, स्प्रिंगसारखा. ताण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकाच, पण आवळण्याचा जोर ओढीपेक्षा जास्त हवा. कमी पडला तर प्रत्येक फेऱ्याला बोल्ट थोडा थोडा ताणला-सैल होतो आणि शेवटी थकून तुटतो.

इथे खरेदी करणारे फसतात. "महाग, मजबूत बोल्ट घेतले, काम झालं." नाही हो! पोलाद साधं असो की भारी, तेवढ्याच जोराला जवळपास तेवढंच ताणलं जातं. भारी पोलाद जास्त ताण सोसून पुन्हा मूळ लांबीवर येतं, एवढाच फरक. म्हणून नवा बोल्ट जुन्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळला तर फायदा शून्य. आकडा बोल्ट बनवणाऱ्याचाच घ्यावा, वंगणही त्यानेच सांगितलेलं. कारण पान्याचा बहुतेक जोर आट्यांत आणि डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. त्यापेक्षा आवळण्याआधी आणि नंतर बोल्टाची लांबी मोजणं जास्त खात्रीचं.

आणखी एक. नवे बोल्ट बसवले की रॉडच्या टोकाचं गोल भोक किंचित वेडंवाकडं होऊ शकतं. ते मोजून, गरज पडली तर घासून पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. हा खर्च बोल्टांच्या किमतीत दिसत नाही.

जुने बोल्ट पुन्हा वापरावेत का? सैल केल्यावर लांबी 0.025 मिमीने जरी वाढलेली दिसली, किंवा गंज, चरा दिसला, तर बाराच्या बारा बदला.