निवृत्तीनंतर गाडीवर लांब निघायचंय? आधी वजन बघा, मग सीसी

नोकरीतून वयाच्या ५८ व्या वर्षी मोकळे झालेले गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, एसटीचे चालक यांच्यात आता एक नवीन हौस दिसू लागली आहे. फंडाचे पैसे हातात आले की एक चांगली मोटारसायकल घ्यायची आणि लांबचा पल्ला मारायचा. कुणाला नर्मदा परिक्रमा करायची असते, कुणाला कोकण किनारा, कुणाला थेट कन्याकुमारी. हौस चांगली आहे. पण गाडी कोणती घ्यायची, हा निर्णय बहुतेक वेळा पोराच्या सांगण्यावरून किंवा मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून होतो, आणि तिथेच घोळ होतो. पंचविशीतल्या पोराला शोभणारी गाडी साठीच्या गुडघ्यांना झेपेलच असं नाही.

वजन आणि उंची

शोरूममध्ये सगळे आधी सीसी आणि ॲव्हरेज विचारतात. साठीच्या माणसाने आधी वजन विचारावं. स्प्लेंडरसारखी १०० सीसीची गाडी सुमारे ११२ किलोची. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही सुमारे १९५ किलोची, म्हणजे सिमेंटच्या जवळपास चार गोण्या. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते गाडी मागे ढकलताना, चढावर थांबल्यावर, वाळूत किंवा चिखलात वळवताना. लांबच्या प्रवासात बरीच माणसं जोरात पळताना पडत नाहीत, तर पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यासमोर जागच्या जागी गाडी कलंडून पडतात. या वयात असं पायावर आलेलं वजन महागात जातं.

दुसरी गोष्ट सीटची उंची. क्लासिकची सीट सुमारे ८०५ मिलिमीटर, हिमालयन ४५० ची ८२५, मिटिऑर ३५० ची ७६५, तर बजाजच्या ॲव्हेंजर क्रूझची ७३७. उंची साडेपाच फुटाच्या आत असेल तर हा फरक मोठा आहे. बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी आपली नाही.

बैल घेताना आपण बाजारात त्याला चालवून बघतो, दात बघतो. गाडीचंही तसंच करावं. मेन स्टँडवर लावून बघावी, बंद गाडी दहा पावलं मागे ढकलून बघावी, घरच्या माणसाला मागे बसवून अरुंद जागेत वळवून बघावी. या तीन परीक्षांत दम लागला तर एक नंबर हलकी गाडी बघावी.

कोणती गाडी कशासाठी

१०० ते १२५ सीसी: एकटा माणूस, सामान कमी, दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर, एवढं असेल तर ही गाडी पुरते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुठल्याही गावात मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात. तोटा असा की हायवेवर ट्रकला ओलांडायला ताकद कमी पडते.

१५० ते २२० सीसी: दोघांना आणि थोड्या सामानाला हा मधला मार्ग बरा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. अचानक ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरत नाही, ओल्या रस्त्यावर याचा खरा उपयोग होतो.

३५० सीसी: दोघं, सामान, रोजचे अडीचशे किलोमीटर, यासाठी दमदार. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे भाव उतरले. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना मात्र ४० टक्के आहे.

पेट्रोलचा हिशेबही करून बघावा. तीन हजार किलोमीटरला ६० चं ॲव्हरेज देणारी गाडी ५० लिटर पिते, ३५ चं देणारी सुमारे ८६ लिटर. शंभर रुपये लिटरने धरलं तरी फरक साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे एका मोठ्या ट्रिपला पेट्रोलचा फरक फार नाही. खरा फरक गाडीच्या किमतीत आणि वजनात आहे.

पाय पुढे सोडून बसायच्या क्रूझर गाड्या दिसायला आरामशीर वाटतात. पण खड्डा आला की पायावर उठता येत नाही आणि सगळा दणका कमरेला बसतो. मणक्याचा त्रास असेल त्याने सरळ बसता येईल अशी गाडी निवडावी.

गाडी कुणाच्या नावावर?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गावात बऱ्याचदा गाडी पोराच्या नावावर असते आणि फिरायला वडील नेतात. पॉलिसीसोबत १५ लाखांचं अपघात कवच घेतलं जातं, ते गाडीच्या मालक-चालकाचं असतं. म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आणि लायसन ज्याचं चालू, त्यालाच ते लागू. पोराच्या गाडीवर वडिलांचं बरंवाईट झालं तर ते कवच वडिलांना लागू होत नाही. लांब जायचं असेल तर गाडी स्वतःच्या नावावर असावी, नाहीतर स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढावी.

मागे बसणाऱ्याचंही बघावं. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग सहसा एकच वर्षाचा असतो. वर्षानंतर तो कुणी भरत नाही आणि “विमा तर पाच वर्षांचा आहे” असं म्हणून गाडी चालत राहते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याचा धोका धरलेला नसतो. बायकोला मागे बसवून तीर्थाला निघणाऱ्याने पूर्ण पॉलिसी चालू आहे का आणि मागच्या माणसाचा त्यात समावेश आहे का, हे एजंटला विचारून कागदावर बघूनच निघावं.

लायसनची तारीख

वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण केलेलं लायसन पाच वर्षांचंच मिळतं. चाळिशीच्या पुढे डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. काहींच्या लायसनवर फक्त ट्रॅक्टर किंवा कार असते. गिअरच्या मोटारसायकलचा प्रकार त्यावर आहे का, हे आधी बघावं.

जुनी गाडी घेणाऱ्याने सातबाऱ्यावरचा बोजा बघतो तसा आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का ते बघावं. थकलेली ई-चलनंही तपासावीत. गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

रस्त्यावर

समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, मॅप काहीही दाखवो. नर्मदा परिक्रमेला लोक चातुर्मास संपल्यावर निघतात. नदी उजव्या हाताला ठेवून जायचं असतं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेले गाडीवाले भरूचच्या पुलावरून उत्तर तटावर येतात आणि पुढे अमरकंटकला वळसा घालतात. सगळा फेरा तीन हजार किलोमीटरच्या आसपास जातो. दिवसाला दोनशे धरले तर पंधरा-सोळा दिवस, आणि दोन-तीन दिवस मुक्कामाला जास्तीचे ठेवावेत. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो, म्हणून साडेपाचच्या आत मुक्काम गाठावा. मोतीबिंदू असेल किंवा त्याचं ऑपरेशन झालं असेल, त्याला समोरच्या लाईटचा झोत जास्त त्रास देतो.

शुगरच्या माणसाने उपाशीपोटी गाडी चालवू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. दर तासा-दीड तासाला उतरून पाय मोकळे करावेत. गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, सगळ्या एकाच बॅगेत नकोत. हेल्मेट आयएसआय मार्कचं, दोघांनाही. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल, टायरची हवा रोज सकाळी गाडी थंड असताना.

पहिल्याच फटक्यात तीन हजारांवर निघू नये. आधी शंभर किलोमीटरवरच्या एखाद्या देवस्थानाला जाऊन एक रात्र राहून यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते, त्यावरून पुढचं ठरवावं.