गेममधला राक्षस लुआच्या हाती

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणारे पडद्यावरची बटणं आणि पट्ट्या हव्या तशा बदलून घेतात, तेही मूळ प्रोग्रॅमला हात न लावता. कारण त्याच्या पोटात लुआ ही छोटी भाषा बसवलेली आहे. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात ती जन्मली. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये नांदणं तिच्या घडणीतच आहे.

पण लुआला मूळ प्रोग्रॅममधल्या वस्तू आपसूक कळत नाहीत. समजा, एखाद्या गेममध्ये राक्षस आहे. प्रोग्रॅमच्या लेखी तो मेमरीतला एक पत्ता. हा पत्ता ‘यूजरडेटा’ नावाच्या बंद पाकिटात घालून लुआला देतात. पाकीट तिला बाळगता येतं, फोडता येत नाही. मग स्क्रिप्टमध्ये ‘राक्षस.ताकद’ असं लिहिलं की काय होतं? पाकिटाला जोडलेल्या ‘मेटाटेबल’ या तक्त्यात अशा वेळी सी भाषेतलं कोणतं फंक्शन बोलवायचं, याची नोंद असते. ते फंक्शन आधी पाकीट राक्षसाचंच आहे ना, हे तपासतं (हा तपास प्रोग्रॅमरनेच लिहायचा, आणि आळस नेमका इथेच होतो) आणि ताकदीचा आकडा स्टॅकवर, म्हणजे सी आणि लुआ यांच्या देवाणघेवाणीच्या जागी, ठेवतं. वाचू द्यायचं, पण बदलू द्यायचं नाही, हेही याच तक्त्यात ठरवता येतं.

खरी डोकेदुखी मालकीची. राक्षस मेला, प्रोग्रॅमने मेमरी मोकळी केली, पण स्क्रिप्टने पाकीट जपून ठेवलं, तर पुढच्या वापराला गेम कोसळू शकतो. म्हणून अनेक जण पत्त्याऐवजी राक्षसाचा क्रमांक देतात आणि तो अजून आहे का, हे दर वेळी प्रोग्रॅमच्या यादीत शोधतात. थोडा वेळ जातो. माझ्या मते जाऊ द्यावा.