गरीब स्वभावाच्या कोंबड्याची पारख

औसा तालुक्यातील ज्या घराच्या परसात दहा-बारा कोंबड्यांचे खुराडे आहे, त्या घरी कोंबड्याविषयी एखादी तरी फिर्याद ऐकावयास मिळतेच. कोठे तो अंगणातील पोरांच्या अंगावर धावून जातो, तर कोठे कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे उपटून त्यांना बोडक्या करून सोडतो. तपासाअंती मात्र यातील पुष्कळसा दोष पारख करणाऱ्याच्या गैरसमजुतींकडेच जातो.

कोंबड्यावाचून अंडी मिळत नाहीत, ही पहिली समजूत. वस्तुतः अंडी घालण्यास नराची मुळीच आवश्यकता नाही. ती आहे पिल्ले निघावयाची असतील तरच, आणि त्यासाठी आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे. लहानशा कळपात दोन ठेवणे म्हणजे कलहास आमंत्रण.

असील जातीचा कोंबडा म्हटला की तो माणसाच्याही अंगावर येणार, असे अनेकांस वाटते. दुसऱ्या नराशी तो प्राणपणाने झुंजतो हे खरे (अशा झुंजी लावण्यास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे), परंतु पाळणाऱ्याच्या हाताखाली तो बहुधा शांतच असतो.

सर्वांत घातक समजूत ही की, एकट्या पिलास हातावर वाढविले म्हणजे ते जन्मभर लाडके राहते. असे पिलू माणसाचे भय विसरते आणि पाच-सहा महिन्यांचे होऊन अंगात नरपणाचा जोर आला, की त्याच माणसास प्रतिस्पर्धी लेखू लागते. म्हणून निवड पिलाची न करता आरवू लागलेल्या नराची करावी. तीही आठवडी बाजारात नव्हे, कारण पाय बांधून उलटा धरलेला कोणताही कोंबडा गरीबच दिसतो, आणि ती केवळ भीतीने आलेली निश्चलता असते.

विकणाऱ्याच्या अंगणात जाऊन मूठभर ज्वारी टाकावी व स्वस्थ पाहत बसावे. जो नर दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकतो, हलक्या आवाजात माद्यांना बोलावून त्यांस आधी खाऊ देतो, घार दिसताच इशारा करतो आणि मादीजवळ जाताना एक पंख झुकवून तिच्याभोवती फिरतो, तो निःशंकपणे घ्यावा. माणसापासून तो चार हात दूर राहत असेल, तर तो गुणच समजावा. त्याचा बाप दृष्टीस पडल्यास त्याचीही चौकशी करावी, कारण स्वभाव काही अंशी वंशपरंपरेने येतो.

घरचा नर द्वाड निघाला, तर त्याचे काय करावे हे मराठवाड्यातील गृहिणीस सांगण्याची जरूर नाही. मात्र तो गेल्यावरही त्याचे बीज मादीच्या शरीरात दोन आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकते. तेव्हा नव्या नराची पिल्ले हवी असतील, तर खुडूक कोंबडीखाली अंडी मांडण्यापूर्वी तीन-चार आठवडे थांबावे.