मालवणची डाइव्ह, त्र्यंबकचा डेस्कटॉप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दोन-तीन दिवस डाइव्ह करून माणूस त्र्यंबकेश्वरला घरी येतो. प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, तापमान असा सगळा हिशेब मनगटावरच्या घड्याळासारख्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये असतो. तो डेस्कटॉपवर उतरवायला बसावं, तर ‘शोध सुरू आहे’ यापुढे पडदा सरकत नाही. मग ऐकीव उपाय सुरू होतात. त्यातले काही निरुपयोगी असतात, तर काही नोंदच पुसून टाकणारे. म्हणून हात लावण्याआधी समजुती तपासून घेऊ.

गैरसमज १: आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये पेअर करावंच लागतं.

वस्तुस्थिती: हेडफोनमुळे लागलेली ही सवय इथे नडते. ब्लूटूथचे दोन प्रकार आहेत: जुना ‘क्लासिक’ आणि २०१० मध्ये ४.० आवृत्तीबरोबर आलेला, कमी वीज खाणारा ‘लो एनर्जी’, म्हणजे बीएलई. शिअरवॉटर कंपनीचा पहिला पेट्रेल हा डाइव्ह कॉम्प्युटर क्लासिकवर चालतो, त्याला सेटिंगमध्ये पेअर करावं लागतं. त्याच कंपनीचे टेरिक आणि पेरेग्रीन बीएलईवर चालतात. ते थेट डाइव्ह-लॉगच्या प्रोग्राममधून जोडायचे असतात. अशा वेळी सेटिंगमधली जुनी जोडणी काढून टाका, मनगटावरच्या उपकरणात ब्लूटूथ चालू करा आणि प्रोग्राममधूनच शोधा. काही मॉडेल स्वतःच्या पडद्यावर आकडी कोड दाखवतात, तो प्रोग्राममध्ये भरायचा. कंपनीचा प्रोग्राम दाद देत नसेल तर ‘सबसरफेस’ वापरून पाहा. लिनक्सचे जनक आणि स्वतः डायव्हर असलेले लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रोग्राम अनेक कंपन्यांची उपकरणं ओळखतो.

गैरसमज २: संगणक नवा आहे, म्हणजे दोष घड्याळातच.

वस्तुस्थिती: असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ अनेकदा नसतंच. मदरबोर्डवर असलं, तरी मागे लावायच्या अँटेना खोक्यातच राहिलेल्या असतात. मग यूएसबीत खोचायचं ब्लूटूथ डोंगल लागतं. ते घेताना ४.० किंवा त्यापुढची आवृत्ती पाहून घ्या. ते कॅबिनेटच्या मागे खोचलं तर पत्रा आडवा येतो. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर आणखी पंचाईत, कारण तिच्या केबलमधून ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अडथळा पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. उपाय स्वस्त आहे: साध्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल टेबलावर आणा आणि घड्याळ त्याच्या जवळ ठेवा. घड्याळ कोरडं करायला विसरू नका. काही मॉडेलचे पाणी ओळखणारे संपर्कबिंदू ओले राहिले, तर आपण अजून पाण्यातच आहोत असं ते धरून चालतं आणि संगणकाशी बोलत नाही.

गैरसमज ३: फोनला जोडलं गेलं, म्हणजे डेस्कटॉपलाही जोडलं जाणार.

वस्तुस्थिती: बरेचदा फोनला जोडलं गेलं म्हणूनच डेस्कटॉपला सापडत नाही. ही उपकरणं साधारणपणे एका वेळी एकाशीच बोलतात. खिशातल्या फोनवरच्या अ‍ॅपने परस्पर जोडणी केली, की डेस्कटॉपपुरतं घड्याळ अदृश्य होतं. आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि मगच पुढचं काही करून पाहा.

गैरसमज ४: मध्येच जोडणी तुटली, आता डाइव्ह गेल्या, रीसेट करून पाहू.

वस्तुस्थिती: डेस्कटॉपवर येते ती नोंदीची प्रत. मूळ नोंद घड्याळातच राहते आणि मेमरी भरल्यावर सर्वांत जुनी आधी पुसली जाते. तुटलेलं डाउनलोड पुन्हा सुरू करण्यात काही धोका नाही. धोका रीसेटमध्ये आहे: त्याने इतिहास जाऊ शकतो आणि काही मॉडेलमध्ये शरीरात उरलेल्या नायट्रोजनचा चालू हिशेबही. फर्मवेअर अपडेटही बॅटरी पुरेशी असल्याशिवाय करू नका.

गैरसमज ५: त्र्यंबक उंचावर आहे, म्हणून कनेक्ट होत नाही.

वस्तुस्थिती: त्र्यंबकेश्वरची उंची सुमारे ७२० मीटर. ब्लूटूथला तिचा काही फरक पडत नाही, शरीराला मात्र पडतो. इथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ९२ टक्के असतो. डाइव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन पुरता बाहेर पडण्याआधी वर चढलं, तर त्याचे बुडबुडे होऊन डीकम्प्रेशन सिकनेसचा धोका वाढतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची विमानप्रवासासाठीची शिफारस आहे की डीकम्प्रेशन थांबा न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर १८ तास थांबावं. ती केबिनमधल्या सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीच्या दाबासाठी आहे. त्र्यंबक या टप्प्यात येतं आणि सुमारे ६९० मीटरवरची, घाटमाथ्यावरची आंबोलीही. मालवणहून निघालेली गाडी तिथे काही तासांतच पोचते. शरीराच्या दृष्टीने घाटाची चढण आणि विमानाची केबिन यांत फरक नाही.

म्हणूनच डेस्कटॉपवरच्या आलेखाची घाई नको. तो आठवडाभराने उतरवला तरी चालतो. मनगटावरची ‘नो फ्लाय’, म्हणजे विमानात बसण्याआधी थांबायची वेळ मात्र मालवणातच वाचायची असते. ती उरलेली असेल तर आणखी एक रात्र समुद्रकाठी काढा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.