माहलरची नववी : व्हिएन्ना ते कॅलिफोर्निया

गुस्ताव माहलरला आपली नववी सिम्फनी ऐकायला मिळाली नाही. मे १९११मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी २६ जूनला ब्रूनो वॉल्टरने व्हिएन्नात ती प्रथम सादर केली. पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र १६ जानेवारी १९३८ उजाडावा लागला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, म्युझिकफेराइनचं सभागृह, समोर पुन्हा वॉल्टरच. एचएमव्हीतर्फे मुद्रणाची जबाबदारी होती फ्रेड गाइसबर्गवर. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला तो यानेच.

भर मैफलीतलं हे मुद्रण. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावायची, त्यामुळे सत्तर मिनिटांची सिम्फनी वीस बाजूंवर विभागली गेली. दोन महिन्यांच्या आत नाझी ऑस्ट्रियात घुसले आणि ज्यू माहलरच्या संगीताला तिथे बंदी आली. वॉल्टर परागंदा झाला. वाद्यवृंदाचा म्होरक्या व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे, माहलरच्या बहिणीचा नवरा, लंडनला निघून गेला. त्याची मुलगी आल्मा १९४४मध्ये आउश्वित्झला मरण पावली.

हे ठाऊक असल्यामुळे अनेकांना या मुद्रणात येऊ घातलेल्या संकटाची चाहूल ऐकू येते. मला ती ऐकू येत नाही. ऐकू येते ती वाजवण्याची एक जुनी रीत. शेवटच्या आदाजोची सुरुवात घ्या : फक्त व्हायोलिनं, सगळी एका सुरात, आणि मग सबंध तंतुवाद्यांचा भरणा. बोटं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आपल्या मींडेसारखी. १८९७ ते १९०७ माहलर व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख होता, तिथे फिलहार्मोनिकचेच वादक वाजवायचे आणि रोझे तेव्हाही त्यांचा म्होरक्या होता. हा नाद डोक्यात ठेवूनच माहलरने या ओळी लिहिल्या असणार, असं मला मनापासून वाटतं. या मुद्रणाचं खरं मोल त्यात आहे.

१९६१मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या वॉल्टरने कॅलिफोर्नियात कोलंबिया सिम्फनीसह नववी पुन्हा मुद्रित केली, या वेळी स्टिरिओत. लय सैलावली, ती घसरण बरीचशी ओसरली. पण १९३८च्या खरखरीत बुडालेले व्हायोला आणि दुय्यम व्हायोलिनं इथे स्वच्छ उमटतात. पुढच्याच वर्षी वॉल्टर गेला.

नवख्याने आधी १९६१चं मुद्रण ऐकावं. कोणतं वाद्य कुठे काय बोलतंय ते त्यात नीट कळतं. मग १९३८कडे वळावं आणि पहिला भाग मध्ये न थांबता ऐकावा. नंतरच्या आवृत्त्यांत तबकड्यांचे सांधे जुळवलेले आहेत.