निवृत्तीनंतर मुंबई सोडावी काय, आणि सोडली तर कोठे जावे?

आपल्या समाजातील जी पिढी १९८० ते ९० च्या दशकात रेल्वे, पोस्ट, महानगरपालिका, बेस्ट, गोदी, बँका आणि मंत्रालय येथे नोकरीस लागली, ती आता सेवानिवृत्त झाली आहे किंवा होत आहे. फंडाचे व ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडले की पहिले काही महिने बरे जातात. मग क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस येते, मुलाच्या दोन खोल्यांत सून-नातवंडांसह किती दिवस काढायचे हा प्रश्न उभा राहतो आणि घराघरांतून एकच विषय निघतो : आता मुंबईत राहायचे की नाही? या विषयावर मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना पुष्कळ बोलले जाते, पण कागदावर हिशेब मांडून फारच थोडे लोक निर्णय घेतात. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट अशी की पेन्शनला शहर कळत नाही. नोकरीत असताना घरभाडे भत्ता शहरानुसार ठरतो. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मुंबई हे 'एक्स' वर्गातील शहर आहे, तर नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ही 'वाय' वर्गात येतात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर हे दर अनुक्रमे ३० व २० टक्के झाले. म्हणजे ३५,४०० रुपये मूळ वेतन असणाऱ्यास मुंबईत १०,६२० रुपये, तर नागपुरात ७,०८० रुपये घरभाडे भत्ता. मुंबईच्या महागाईची थोडीफार भरपाई सरकार अशी करीत असते. निवृत्तीच्या दिवशी हा भत्ता संपतो. निवृत्तिवेतन आणि त्यावरील महागाई वाढ मुंबईत राहणाऱ्याला जेवढी, तेवढीच अकोल्यात राहणाऱ्याला. त्या दिवसापासून मुंबईत राहण्याचा जादा खर्च हा सर्वस्वी आपल्या खिशातून जातो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

समजा, हाती महिन्याला २६,००० रुपये येतात आणि स्वतःचे घर नाही. उपनगरात दोन खोल्यांना १६,००० भाडे दिले, तर औषधपाणी, वीज, किराणा यांना उरतात १०,०००. हेच भाडे दुसऱ्या शहरात ७,००० झाले, तर उरतात १९,०००. पगार वाढलेला नाही, पण घरात जवळपास दुप्पट पैसा खेळू लागला. ज्यांना ई.पी.एस. योजनेचे तुटपुंजे पेन्शन आहे (किमान रक्कम २०१४ पासून अवघी १,००० रुपये), अशा खासगी कारखान्यांतील बांधवांना तर हा फरक जगण्या-न जगण्याचा आहे. याउलट, ज्यांची स्वतःची खोली आहे किंवा वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, त्यांचे गणित अगदी वेगळे. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ साली चाव्या मिळाल्या. अशांनी घाईने मुंबई सोडण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. फक्त उंच इमारतीचा देखभाल खर्च दरमहा किती येणार, हे सोसायटीकडून लेखी विचारून घ्यावे.

परंतु स्वस्ताई एवढेच पाहून गाव निवडणे आपल्याला परवडणारे नाही. घर भाड्याने पाहायला गेले की दलाल आधी नाव विचारतो, मग 'पूर्ण नाव' विचारतो आणि मग 'गाव कोणते, तुमच्यात काय चालते' असे आडून विचारतो. दुसऱ्या दिवशी कळते की खोली आधीच कोणाला तरी दिलेली होती. मुंबईतही हे घडते, पण मुंबईत आपल्याला ओळखीच्या चाळी आहेत, माणसे आहेत. साठीनंतर अनोळखी गावात जाऊन बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावावा की आतल्या खोलीत, असा विचार करावा लागणार असेल, तर वाचलेल्या ९,००० रुपयांना काय चाटायचे आहे? दुखण्या-खुपण्याला शेजारी धावून यावा, मृत्यू झाला तर विधी कसा करायचा हे कोणाला समजावून सांगावे लागू नये, चार माणसांत बसून मोकळेपणी राजकारण बोलता यावे, या म्हातारपणाच्या गरजा आहेत. म्हणून खर्चाने परवडणारे आणि विचाराने आपलेसे, अशा दोन्ही कसोट्या लावल्या पाहिजेत.

कोकणातील आपले पुष्कळ बांधव म्हणतात, आम्ही गावी जाऊ, घर बांधलेलेच आहे. गावाची ओढ मी समजू शकतो. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे परखड मत मांडले, ते कोणत्या अनुभवातून आले होते हे आपण विसरू नये. आजही बौद्धवाडी बहुधा गावाच्या एका बाजूसच आहे. ते बाजूला ठेवले तरी हृदयविकाराचा झटका आला तर किती तासांत इस्पितळ गाठता येईल, हा प्रश्न राहतोच. चार महिने गावी आणि आठ महिने शहरात, असे करणारे मला जास्त शहाणे वाटतात. बदलापूर-अंबरनाथकडे जाणे हा दुसरा मार्ग. तो मुलाच्या नोकरीसाठी ठीक आहे. मात्र ज्याला आता लोकल पकडायची नाही, त्याने लोकलच्या शेवटच्या टोकाला घर घेऊन काय साधले?

छत्रपती संभाजीनगरचा विचार जरूर करावा. १९५० साली बाबासाहेबांनी तेथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनाने मराठवाड्यातील आपल्या दोन-तीन पिढ्या शिकवल्या. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत नामांतरासाठी लोकांनी काय सोसले ते येथे सांगायला नको. विचाराच्या कसोटीवर हे शहर उतरते. अडचण पाण्याची. या शहरात अनेक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. घर पाहताना भिंतीचा रंग न पाहता टाकी किती लिटरची आणि पाणी कितव्या दिवशी, हे शेजारच्या बाईंना विचारावे. घरमालकाला विचारू नये.

माझे स्वतःचे मत नागपूरच्या बाजूने आहे, आणि ते केवळ दीक्षाभूमीमुळे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या पुष्कळ आधीपासून हे शहर आपल्या चळवळीचे आहे. १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली ती येथे. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले ते येथे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तोही येथेच. याचे एक कारण गिरण्यांत आहे. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली, आणि आपल्या माणसाला गावकीच्या कामाऐवजी रोख पगार मिळू लागला. त्या पगारावर वस्त्या उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, कार्यकर्ते तयार झाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध मोजले गेले, राज्याच्या लोकसंख्येच्या सहा टक्क्यांहून थोडे कमी. नागपूर जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. दर सात माणसांत एक आपला, असे समजा. इंदोरा, बेझनबाग, वैशालीनगर, नारी रोड या उत्तर नागपूरच्या भागांत तर विहार, वाचनालय, डॉक्टर, वकील, किराणा दुकानदार सगळे आपलेच. तेथे पूर्ण नाव विचारले जाते ते ओळख काढण्यासाठी! उत्तर नागपूर हा विधानसभेचा राखीव मतदारसंघ आहे. आपल्या एका मताकडे उमेदवाराचे लक्ष असते, ही गोष्ट उपनगरातील मिश्र वस्तीत राहणाऱ्याला नवीन वाटेल.

तथापि सगळे शहर आपल्या विचाराचे आहे, अशा भ्रमात कोणी जाऊ नये. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली याच शहरात झाली आणि त्याचे मुख्यालयही येथेच आहे. विजयादशमीला एकीकडे रेशीमबागेत त्यांचा उत्सव आणि तेथून थोड्याच अंतरावर दीक्षाभूमीवर आपला सागर, असे दृश्य दरवर्षी असते. नागपूरकरांना त्याचे काही वाटत नाही. मुद्दा इतकाच की शहर निवडून भागत नाही, मोहल्ला निवडावा लागतो.

उन्हाळ्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. प्रत्येक घरात कूलर असतो, त्याला पाणी लागते, वीज लागते, आणि रक्तदाबाच्या रुग्णास हे दोन महिने कठीण जातात. मुंबईचा घाम वेगळा आणि ही झळ वेगळी. कोकणी माणसाला आणखी एक त्रास म्हणजे मासळी. तलावाचा मासा मिळतो, पण त्याला समुद्राच्या बांगड्याची सर नाही, अशी तक्रार तेथे गेलेल्या प्रत्येक रत्नागिरीकराने माझ्याकडे केली आहे. वैद्यकीय सोय मात्र उत्तम आहे. मेडिकल, मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये जुनी आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सी.जी.एच.एस.चे दवाखाने व रेल्वेवाल्यांसाठी रेल्वे रुग्णालय आहे. कार्ड तेवढे बदलून घ्यावे लागते.

नागपुरात घर विकत घेताना आपले लोक फसतात ते प्लॉटच्या बाबतीत. शहराभोवती शेतजमिनीचे तुकडे पाडून विनापरवाना पाडलेले लेआउट फार. त्यांपैकी अनेक पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले, तेथे '५७२ लेआउट', '१९०० लेआउट' असे शब्द तुमच्या कानावर पडतील. नियमित झाल्याचे पत्र, ज्याला तेथे 'आर.एल.' म्हणतात, ते पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. मुंबईत ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्याला तेथे आखीव पत्रिका म्हणतात. तीही स्वतः काढून पाहावी, दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नये. घर पत्नीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसे वाचतात आणि आपल्या पश्चात तिला कोणी घराबाहेर काढू शकत नाही, हा लाभ त्याहून मोठा.

काही जण सुरत, इंदूर, हैदराबाद येथे मुलाकडे कायमचे जाण्याचा विचार करतात. तेथेही राहणे स्वस्त असेल, पण घरात शिकणारी नातवंडे असतील तर थांबावे. अनुसूचित जातीची यादी राज्यवार असते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात निकाल दिला. हे प्रकरण मुंबईतीलच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचे होते. आंध्रातील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याचे वडील मुंबईत नोकरीस होते, म्हणून त्याने येथे राखीव जागा मागितली, ती मिळाली नाही. एका राज्यातील दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप सोबत जात नाही, असे न्यायालयाने ठरवले. बौद्धांना महाराष्ट्राने १९६० पासून सवलती दिल्या, तर केंद्राने १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत समाविष्ट केले. तीस वर्षांच्या लढ्याने मिळालेली ही गोष्ट राज्याची हद्द ओलांडताना पातळ होते. केंद्राच्या नोकऱ्यांत ती चालते, त्या राज्याच्या प्रवेशांत व नोकऱ्यांत सहसा चालत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जिल्हा बदलला तर दर्जा जात नाही. फक्त १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे मूळ गावचे लागतात. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल हे सर्व मुंबई सोडण्यापूर्वीच गोळा करावे आणि नातवंडांची जात पडताळणी शक्य तितकी लवकर उरकावी.

बाकीची कागदपत्रे सोपी आहेत. राज्य सरकारचे मुंबईतील पेन्शन अधिदान व लेखा कार्यालयातून मिळते, ते नव्या जिल्ह्याच्या कोषागारात वर्ग करण्यासाठी अर्ज द्यावा. नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर कोठूनही देता येतो. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा, आणि तो पहिल्याच महिन्यात भरावा. विचारांच्या शहरात राहायला जायचे आणि मत जुन्या वॉर्डात पडून राहू द्यायचे, हे योग्य नव्हे. रेशन आधारवर कोणत्याही जिल्ह्यात मिळते.

आता मुंबईच्या खोलीविषयी. ती विकून मुलांत वाटणी करून मग नव्या गावी जाऊ, असे म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. पहिले एक वर्ष खोली विकू नये. नोंदणीकृत करारावर भाड्याने द्यावी आणि त्या भाड्यात नव्या शहरात राहून पाहावे. मुलांच्या नावे काही करायचेच असेल तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर, असे दस्तात लिहून घ्यावे. तसे लिहिले असेल आणि मुलांनी ते पाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. विक्रीचे पैसे आलेच तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, त्याचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते.

आणि राहून पाहायला जाणार असाल तर ऑक्टोबरात जाऊ नका. त्या दिवसांत नागपूर कोणालाही आवडेल. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी मुंबईहून निघते, सकाळी नागपूर. मे महिन्याचे तिकीट काढा, उत्तर नागपुरात महिनाभरासाठी एक खोली घ्या, पती-पत्नी दोघांनीही जा, आणि दुपारी दोन वाजता औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन या.