किनवटहून जगाच्या पाठीमागे

पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे कुठेही उभे राहा, २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असं काही उरतच नाही. त्याच्या पुढे गेलात की परतीची वाट सुरू! किनवटकराला विमान पकडायचं तर नांदेड गाठायचं. या नांदेडच्या बरोबर पाठीमागचा, गोलाच्या पलीकडचा बिंदू पडतो भर प्रशांत महासागरात. तिथून सुमारे अकराशे किलोमीटरवर दगडी पुतळ्यांचं ईस्टर बेट आहे आणि बेटावर मातावेरी विमानतळ. नांदेड ते मातावेरी सरळ हवाई अंतर भरतं जवळपास १८,९०० किलोमीटर.

ही सरळ रेषाही मोठी गमतीची. नांदेडहून आग्नेयेला निघायचं, आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात शिरायचं, ऑस्ट्रेलियात पर्थच्या आसपास डोकावायचं, न्यूझीलंडलाही खालून वळसा घालायचा आणि मग निव्वळ पाणीच पाणी. ताशी ९०० किलोमीटर वेगाने २१ तास! जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं नियमित उड्डाण सिंगापूर–न्यूयॉर्क, तेही सुमारे १५,३०० किलोमीटरचं. आपली रेषा त्याहून साडेतीन हजार किलोमीटरने जास्त. २०१७ साली ‘उडान’ योजनेत नांदेड–हैदराबाद मार्गावर पंख्याचं एटीआर विमान सुरू झालं होतं. तसल्या विमानाला ताशी ५०० च्या वेगाने ३८ तास लागतील, आणि मधल्या समुद्रात इंधन भरायला उतरणार कुठे?

मातावेरीचा एकटेपणा आकड्यांतच बघा. नांदेडहून लातूरचं विमानतळ हवाई मार्गाने सव्वाशे किलोमीटरवर. मातावेरीचा सर्वांत जवळचा शेजारी मात्र २,६०० किलोमीटर दूर, फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबिये बेटांवर. चिलीची राजधानी सँतियागो ३,७५० किलोमीटरवर. तिथून यायला पाच तासांहून अधिक. इतक्या छोट्या बेटाला ३,३०० मीटरची धावपट्टी कशाला? तर १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ने ती वाढवून घेतली, अंतराळयानाला अडचणीत उतरता यावं म्हणून. तशी वेळ कधी आली नाही.

प्रत्यक्षात नांदेडहून तिथे थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई, मग युरोप किंवा आखात, पुढे दक्षिण अमेरिका अशा उड्या मारत दोनेक दिवस सहज जातात.

पण किनवटकराचा खरा कस त्याआधीच लागतो. भोकर, हिमायतनगरच्या बाजूने नांदेड सव्वाशे किलोमीटरहून थोडं जास्त. एसटीला तीन-साडेतीन तास. तेवढ्या वेळात जेट विमान नांदेडहून दुबई गाठेल, ते अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. मातावेरीला थेट विमान असतं असं धरलं, तरी किनवट–नांदेड हा टप्पा अंतराचा शंभरावा हिस्साही नाही; वेळेचा मात्र सातवा हिस्सा तोच खातो. जग जवळ आणायचं असेल, तर आधी हे सव्वाशे किलोमीटर सुधारायला हवेत.